तोंडावर उजेड

बोलायला दिवा लागतो, हे तुम्हाला माहीत आहे का? हसू नका. ऐकायला कान आणि बोलायला जीभ, एवढंच आपल्याला शिकवलं गेलं. पण ही गोष्ट ज्या घरातली आहे, त्या घरात लाईट गेली की बोलणं बंद पडायचं. भांडण रंगात आलेलं असलं तरी जागच्या जागी थांबायचं. लाईट आली की ज्या शब्दावर थांबलं होतं तिथूनच पुढं सुरू.

कारण त्या घरातल्या आईला ऐकू यायचं नाही. ती बाटल्यांच्या कारखान्यात कामाला होती. काचेच्या बाटल्या लांबलचक पट्ट्यावरून यायच्या, धुवून निघायच्या, भरायच्या, झाकण लागून पुढं जायच्या. तुमच्या हातून काचेचा ग्लास ग्लासावर आपटला की तुम्ही दचकता ना? तो आवाज हजारो बाटल्यांचा, एकदम, पत्र्याच्या छपराखाली, कामाची पाळी संपेपर्यंत. आणि कान सांभाळायला कंपनीनं काय दिलं? "होईल सवय" हे आश्वासन. झाली की सवय. आधी बारीक आवाज गेले: घड्याळाची टिकटिक, दारावरची बेल, मुलीचं कानाशी लागून बोलणं. मग शब्दांच्या कडा गेल्या. शेवटी उरले ते नुसते जाडेभरडे आवाज. ट्रकचा हॉर्न, दार आपटणं, ढगांचा गडगडाट. बारीक जातं, जाड राहतं. कान असेच जातात.

कारखान्याच्या त्या हॉलमधल्या बायका मात्र मुक्या नव्हत्या. ओरडून उपयोग नाही म्हटल्यावर त्या नुसत्या ओठांनी बोलायला शिकल्या. आवाज काढायचाच नाही, शब्द तोंडात नीट मोठा करून समोरचीला दाखवायचा. सुपरवायझर आपल्या काचेच्या केबिनमध्ये बसलेला असायचा. सगळ्या हॉलमध्ये शांतता होती ती तेवढ्याच खोलीत. आणि बायका त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या. त्याला वाटायचं, या नुसत्या चघळतायत काहीतरी.

घरी मुलगी एकटीच. लाईट गेली की ती बॅटरी घेऊन धावायची आणि आईशी बोलायला स्वतःच्या तोंडावर उजेड मारायची. पहिल्यांदा तिनं बॅटरी हनुवटीखाली धरली, तर आई किंचाळली, "अगं भुता!" मग आईनं तिचं मनगट धरून हात वळवला. समोरून धरलं तर तोंड ताटासारखं सपाट दिसतं. खालून धरलं तर ओठांची सावली नाकावर चढते. बाजूनं, जरासं वरून धरलं की ओठ, दात, जिभेचं टोक, सगळं वाचता येतं. पुढं मोठमोठ्या लोकांनी तिला विचारलं, प्रकाशाचं शिक्षण कुठं घेतलंत? हे एवढंच तिचं शिक्षण.

गल्लीनं तिचं नाव बॅटरी ठेवलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच.

शाळा अर्ध्यावर सोडून ती नाटकाच्या हॉलमध्ये दिवे चढवायला लागली. शिडीवर मुलगी बघून खालचे पुरुष म्हणायचे, "पडशील बरं का!" ती वरून म्हणायची, "पडले तर तुमच्यावरच पडेन. सरका बाजूला." मग स्पीकर दुरुस्त करणाऱ्याकडे काही दिवस काढले. तिथं तिच्या कानांची कीर्ती झाली. दुकानाबाहेर उभी राहून ती सांगायची, आतल्या कुठल्या स्पीकरचा पडदा फाटला आहे. ट्यूबलाईटचं बारीक गुणगुणणं तिला दुसऱ्या मजल्यावरून ऐकू यायचं आणि डोकं उठायचं. आईचे गेले त्याच्या दुप्पट हिला मिळाले, असं लोक म्हणायचे. तिलाही ते मनातून खरं वाटायचं. माणसाला कशाचा ना कशाचा माज असतो, हिला कानांचा होता.

पहिलं स्वतःचं काम तिनं एका पाडायला काढलेल्या इमारतीच्या जिन्यात केलं. पायरीवर पाय पडला की त्या पायरीचा दिवा लागायचा आणि त्या मजल्यावर राहून गेलेल्या माणसांचा आवाज यायचा. कुणाचं खोकणं, कुणाचं भांडी घासणं, कुणाचं "आले आले, थांबा". जिन्यानं वर गेलेली माणसं डोळे पुसत खाली यायची. एका पेपरवाल्यानं त्यावर लिहिलं आणि त्याला इन्स्टॉलेशन, म्हणजे जागेतच बसवलेली कला, म्हटलं. शेजारीणबाईंनी विचारलं, "काय गं, काय बसवतेस तू? आमचा पंखा बसवून देशील?" तिनं बसवूनही दिला.

पुढं मग एकेक काम मिळत गेलं. रिकाम्या पोहण्याच्या तलावात, बंद पडलेल्या पोस्टात, कलादालनांच्या पांढऱ्याशुभ्र खोल्यांत. गळ्यात रुमाल बांधलेले लोक तिच्या कामासमोर उभे राहून मान हलवायचे. त्यातल्या एकानं विचारलं, "आपण शिकलात कुठे?" ती म्हणाली, "शिडीवर." त्यानं ते लिहूनसुद्धा घेतलं. त्याला वाटलं, शाळेचं नाव आहे.

तिची कामाची एक पद्धत होती. कुठल्याही जागेत काही लावण्याआधी ती तिथं दिवे बंद करून नुसती बसायची. प्रत्येक खोलीला स्वतःचा एक आवाज असतो, तो आधी ऐकायचा, मग त्यावर आपला चढवायचा. कान म्हणजे तिची पट्टी, तिचा तराजू, तिचं सगळं दुकान. आवाज मोजायच्या मशीनचे काटे बघणाऱ्यांना ती हसायची. "काटा काय सांगणार? काट्याला कान आहेत का?"

आई मात्र कधीच आली नाही. "मला ऐकू येत नाही तिथं मी येऊन काय करू? लोकांची तोंडं बघू?" असं म्हणायची आणि विषय संपवायची. मुलगी जगाला आवाज ऐकवत फिरते आणि आई घरी बसून. याचं शल्य बॅटरीच्या मनात होतं. ते तिनं कधी दाखवलं नाही, पण होतं.

आणि मग बाटल्यांच्या त्याच कारखान्यातून बोलावणं आलं.

कारखाना बंद पडून बराच काळ झाला होता. आता तिथं कलाघर होणार होतं. भिंतींना रंग, दाराशी कॉफीचं दुकान, आणि जिथं बाटल्या धुतल्या जायच्या त्या मोठ्या हॉलमध्ये उद्घाटनाचं काम बॅटरीचं. कलाघराच्या संचालकबाई गोड बोलायच्या. "हिरव्या काचेतून येणारा प्रकाश, बाटल्यांची किणकिण... इतकं काव्यमय होईल!"

बॅटरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. किणकिण! माझ्या आईचे कान खाल्ले त्या आवाजाला ही बाई किणकिण म्हणते! तिनं तिथल्या तिथं ठरवलं. आवाज लावायचा तो खरा लावायचा. जेवढा होता तेवढा. जुना पट्टा अजून जागेवर होता. तो चालवून, त्यावर बाटल्या सोडून, तिनं आवाज टिपले, एकावर एक चढवले, आणि हॉलच्या चारी कोपऱ्यांत माणसाच्या उंचीचे स्पीकर उभे केले. छतापासून शेकडो बाटल्या टांगल्या आणि प्रत्येकीत एक दिवा. आवाज चढला की दिवे पिसाटल्यासारखे थरथरणार. आणि पहिल्या दिवशी, पहिल्या रांगेत, आई. हे काम आईला ऐकू आलंच पाहिजे. एवढा मोठा आवाज तर तिलाही ऐकू येईल.

एक गोष्ट तिनं कुणाला सांगितली नव्हती. कामाच्या सुरुवातीलाच तिच्या डाव्या कानात शिट्टी वाजायला लागली होती. आधी वाटलं, कुठला तरी स्पीकर कुरकुरतोय. तिनं सगळ्या वायरी काढल्या, मेन स्विच बंद केला. शिट्टी चालूच. हॉलच्या दाराशी एक ट्यूब फडफडत होती, तिचं गुणगुणणं ऐकायला ती मुद्दाम खाली जाऊन उभी राहिली. ट्यूब डोळ्यांसमोर फडफडत होती आणि मुकी होती.

ती कानाच्या डॉक्टरकडे गेली. त्यानं तिला डब्यासारख्या खोलीत बसवलं, कानात एकेक आवाज सोडला, ऐकू आला की बटण दाब म्हणाला. ती बटणावर अंगठा ठेवून बसून राहिली, बसूनच राहिली. बाहेर आल्यावर डॉक्टर म्हणाला, "बारीक आवाज बरेच गेलेत. डावीकडचे जास्त, उजवीकडचेही. गेलेले परत येत नाहीत. राहिलेत ते सांभाळा. मोठ्या आवाजात थांबायचं नाही. काय काम करता तुम्ही?"

"दिवे लावते," ती म्हणाली.

सांगणार कसं? आवाजाचं काम करणाऱ्या बाईचे कान गेले, हे एकदा बाहेर फुटलं की झालं. स्वयंपाक्याची जीभ गेल्यावर त्याच्या हातचं कोण खातं? आणि उद्घाटन तोंडावर आलेलं. एवढं होऊ दे, मग बघू, असं तिनं स्वतःला समजावलं. रोज हॉलमध्ये उभी राहायची, कानात काही न घालता. घालायचं कसं? मग ऐकणार कशानं?

आता इथं नीट लक्ष द्या, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे. ज्याला बारीक आवाज ऐकू येत नाहीत, त्याला वाटतं ते कमी पडतायत. काच वाजते ती बारीक आवाजात. बॅटरीला तिच्या बाटल्यांत काच ऐकू येईना. नुसता पट्ट्याचा धडधडाट. म्हणून ती काच वाढवत गेली. आणखी. अजून थोडी. रोज संध्याकाळी वाटायचं, आज जमलं. रोज सकाळी पुन्हा कमी.

तिच्याबरोबर वर्षानुवर्षं काम करणारा एक साउंडवाला होता. पोट सुटलेला, शांत, दर दोन वाक्यांना चहा मागणारा. एका दुपारी तो कानातले बोळे काढत म्हणाला, "बॅटरी, वरचं फार टोचतंय गं. सुई मारल्यासारखं."

"टोचायलाच पाहिजे."

"टोचणं वेगळं, भोसकणं वेगळं. माझं डोकं काल रात्रभर ठणकत होतं. काटा बघ एकदा."

"काटा बघून काम करायचं तर मला कशाला बोलावलं? घड्याळजीला बोलवायचं."

"कान दमतात माणसाचे. तुझेही दमले असतील. दोन दिवस सोड."

कान हा शब्द ऐकला आणि तिचा तोल गेला. "माझ्या कानांचं तू मला सांगतोस? तुला संचालकबाईंनी पढवून पाठवलंय. बोल, खोटं आहे? जा, त्यांची किणकिण वाजव जा!"

साउंडवाल्यानं पिशवी उचलली, चहाचा अर्धा कप तसाच ठेवला आणि गेला. त्या माणसानं चहा टाकून जाणं म्हणजे काय, हे बॅटरीला चांगलं माहीत होतं. तरी ती हाक मारायला गेली नाही.

लगेच संचालकबाई आल्या. कानांवर हात ठेवूनच आत शिरल्या आणि आवाज बंद करायला लावून म्हणाल्या, "हे बघा, इतका आवाज आपण पाहुण्यांना देऊ शकत नाही. नियम आहेत. लोकांच्या कानांना इजा होईल."

"लोकांच्या!" बॅटरी अशी हसली की बाई दोन पावलं मागं सरल्या. "याच हॉलमध्ये, याच फरशीवर, बायका आयुष्यभर उभ्या राहिल्या. तेव्हा नियम कुठं गेले होते? पाहुण्यांचे कान पैसे देऊन आणलेत आणि आमच्या आयांचे काय रस्त्यावर सापडले होते?"

"तुमचा राग मला समजतो, पण—"

"राग नका समजून घेऊ. आवाज समजून घ्या. दोन मिनिटं तरी उभ्या राहा."

बाई उभ्या राहिल्या नाहीत. जाताना दारातून, पाठमोऱ्याच, काहीतरी म्हणाल्या. बॅटरीला ते ऐकू आलं नाही. तिनं मान हलवली, समजल्यासारखी. हे नवीन शिकली होती ती: न ऐकता मान हलवणं. आईला लहानपणी हेच करताना बघितलं होतं तिनं, दुकानात, शाळेत बाईंसमोर. तेव्हा तिला आईची लाज वाटायची.

तिचं म्हणणं खोटं होतं का? अक्षर न् अक्षर खरं होतं. तिथंच तर घात होता. माणूस खरं बोलत असला की आपण चुकतोय हे त्याच्या बापालाही पटत नाही.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी, दुपारी, आई आली. बॅटरीनं घरी हट्टच धरला होता, आणि आईही का कोण जाणे, यावेळी नाही म्हणाली नाही. आईबरोबर झाकणमावशी होती. ती याच कारखान्यात झाकणं लावायच्या खोलीत कामाला होती, जाड भिंतीपलीकडं, म्हणून तिचे कान शाबूत. सगळी कामं सोडून गप्पा मारणारी, जिभेला हाड नसलेली. हॉलमध्ये पाऊल टाकल्या टाकल्या ती म्हणाली, "बया, किती साफ केलंय! आम्ही असताना एक खिडकी पुसली नाही मेल्यांनी!" मग काचेची केबिन दिसली तेव्हा तिनं केबिनकडं बघून ओठांनी, बिनआवाजी, काहीतरी झणझणीत म्हटलं. आई खो खो हसली.

बॅटरीनं दोघींना हॉलच्या मधोमध उभं केलं. दिवे मंद केले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा आई ऐकणार होती.

तिनं आवाज सोडला.

पट्टा धडधडला, फरशी पायाखाली थरथरली, छताला टांगलेल्या शेकडो बाटल्यांत हिरवे दिवे पिसाटले. आणि त्यावरून काच. बॅटरीनं आईच्या तोंडाकडं बघितलं. आईचे डोळे मोठे झाले होते. तिनं हात पुढं केला, पट्ट्यावरून येणारी बाटली पकडायला करतात तसा. तिच्या ओठांवरचे शब्द बॅटरीनं त्या गदारोळात स्वच्छ वाचले: "असंच होतं. अगदी असंच."

जिंकले, बॅटरीला वाटलं. साउंडवाल्यावर, संचालकबाईंवर, डॉक्टरवर, सगळ्यांवर. आईनं शिक्का मारला. आता कुणाची छाती आहे मला सांगायची?

मग तिनं झाकणमावशीसाठी मान वळवली. मावशी जागेवर नव्हती. ती भिंतीला खांदा टेकत दाराकडं निघाली होती, दोन्ही हात कानांवर, चेहरा वेडावाकडा, डोळ्यांतून पाणी. दारात तिचा पाय अडखळला आणि ती बाहेर ओट्यासारख्या पायरीवर मट्टकन बसली.

आईनंही ते पाहिलं. आधी मावशीकडं बघितलं. मग मुलीकडं. बॅटरी स्पीकरच्या अगदी समोर उभी होती, आरामात, पावसाची सवय झालेलं माणूस छत्रीशिवाय उभं राहतं तशी. आई बराच वेळ बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावरचं हसू कसं उतरलं, ते बॅटरीला सगळं दिसलं आणि काही कळलं नाही.

आई तिच्याजवळ आली, तिचं मनगट धरलं आणि तिला एका दिव्याखाली ओढलं. चेहऱ्यावर बाजूनं उजेड पडेल असं उभं केलं. आणि नुसत्या ओठांनी, श्वासाचाही आवाज न करता, विचारलं, "कधीपासून?"

"काम सुरू झालं तेव्हापासून," बॅटरी म्हणाली. म्हणजे तिच्याही तोंडून आवाज निघाला नाही. तिनं आईचे ओठ वाचले होते आणि ओठांनीच उत्तर दिलं होतं. त्या दोघींना ती सवय लहानपणापासूनची, म्हणून निसटलं. निसटल्यावर तिनं तोंडावर हात ठेवला. पण ओठांवरचा शब्द परत घेता येत नाही.

आईनं स्विच शोधला नाही. तिनं सरळ भिंतीतली जाड वायर उपटली. हॉल एकदम गप्प झाला. बॅटरीच्या कानातली शिट्टी तेवढी राहिली.

"मला बरोबर वाटलं," आई म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा सपाट आणि मोठा, हॉलभर घुमणारा. "तुला बरोबर वाटलं. हिला का नाही वाटलं? हिचे कान धड आहेत म्हणून! तू काय केलंस ते कळतं का तुला? माझ्यासारख्या कानांनी माप घेतलंस आणि धड माणसांना ओतलंस!"

"उद्या उद्घाटन आहे, आई."

"माझ्याकडं बघून बोल!"

"उद्या उद्घाटन आहे! हे बंद केलं तर सगळ्यांना कळेल. मग मला कोण काम देणार? कान गेलेली आवाजवाली! मी काय करू, सांग ना! पंखे बसवू?"

"पंखे बसव! माझे कान कंपनीनं खाल्ले. मला कुणी विचारलं नव्हतं. तू तर स्वतःच्या हातानं वाढून दिलेस, वर परत परत वाढलंस! आणि कुणासाठी? मला दाखवायला? मला हा आवाज पाहिजे होता असं मी कधी म्हटलं? अगं, घरी आल्यावर मी तुझ्याकडं बघायची ती हा विसरायला!"

पायरीवरून झाकणमावशी ओरडली, "अगं, भांडा पण हळू भांडा, माझं डोकं फुटतंय!" मग तिच्याच लक्षात आलं की आईला हळू कसं कळणार, आणि ती डोळे पुसता पुसता हसायला लागली.

बॅटरी हसली नाही. ती फरशीवर बसली. समोर काचेची केबिन होती. सुपरवायझरची. सगळ्या हॉलमध्ये शांतता होती ती तेवढ्याच खोलीत.

ती किती वेळ त्या केबिनकडं बघत बसली कुणास ठाऊक. उठली तेव्हा तिनं पायात चप्पल सरकवली आणि साउंडवाल्याच्या घरी गेली. तो दारातच उभा राहिला, आत ये म्हणाला नाही.

"माझे कान गेलेत," ती म्हणाली. "सगळे नाही. बारीक गेलेत. तू बरोबर होतास."

तो दारातून बाजूला सरकला. मग म्हणाला, "चहा तर करू दे आधी."

"चहा नंतर. तुझे कान पाहिजेत. मी सांगते काय करायचं, तू सांग किती."

त्या संध्याकाळी दोघांनी हॉल उलटा केला. चारही स्पीकर केबिनमध्ये नेले, टांगलेल्या बाटल्यांतल्या निम्म्याही आत, आणि दार रबर लावून पक्कं बंद केलं. आवाज आत. पुरा, जसा होता तसा, साउंडवाल्यानं काटा बघून आणि कान लावून बसवलेला. पण त्यात माणूस कुणी नाही. बाहेरून एवढंच दिसणार की बाटल्या थडथडतायत, एकमेकींवर आपटतायत, उजेडाच्या हिरव्या लाटा हॉलच्या भिंतींवर फुटतायत, आणि कानाला येतो तो फक्त जाड, दबका धडधडाट. आईला येतो तेवढाच. आणि हॉलच्या फरशीवर समोरासमोर दोन-दोन स्टुलं. प्रत्येक जोडीला एक दिवा, बाजूनं, जरासा वरून. तिथं बसायचं आणि समोरच्याशी आवाज न काढता बोलायचं.

"तू बसशील?" रात्री घरी आल्यावर तिनं आईला विचारलं. "उद्या, लोकांना दाखवायला?"

"मी काय पिंजऱ्यातला पोपट आहे?" आई म्हणाली. "माझ्या मनात आलं तर बसेन. दाखवायला नाही."

दुसऱ्या दिवशी लोक आले. गळ्यात रुमालवालेही आले. आधी सगळे काचेला चिकटून आत बघत राहिले, मग हळूहळू स्टुलांवर बसले. सुरुवातीला नुसती हसाहशी. नंतर एक म्हातारा आणि त्याची बायको समोरासमोर बसले. बायकोनं ओठांनी काहीतरी म्हटलं. त्याला कळेना. तिनं पुन्हा म्हटलं. त्याला कळेना. तिसऱ्यांदा तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यानं स्टूल पुढं ओढलं.

संचालकबाई बॅटरीच्या डाव्या बाजूला, जरा मागं उभ्या होत्या. त्यांनी काहीतरी विचारलं. बॅटरी पुढंच बघत राहिली. त्यांनी परत विचारलं. आजूबाजूची माणसं बघायला लागली. आई समोरच उभी होती, तिनं सगळं पाहिलं. ती खूण करू शकली असती. तिनं केली नाही. हाताची घडी घालून बघत राहिली, पोरगी आता काय करते ते.

मागून कुणीतरी आपल्याशी बोलतंय, हे बॅटरीला आईच्या नजरेवरून कळलं. मान हलवता आली असती. समजल्यासारखी. हो हो म्हणून वेळ मारून नेता आली असती.

तिनं खिशातून बॅटरी काढली, वळली, आणि स्वतःच्या तोंडावर बाजूनं उजेड धरला.

"माझे कान गेलेत," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "याच कामात गेले, माझ्याच मस्तीत गेले. तुम्ही काय म्हणालात ते मला ऐकू आलं नाही. समोर या आणि परत म्हणा."

संचालकबाई समोर आल्या. त्यांचा गोडवा कुठल्या कुठं गेला होता. मग सावकाश म्हणाल्या, "मी विचारलं... तुमच्या आई कोणत्या?"

"त्या बघा," बॅटरी म्हणाली. "हाताची घडी घातलेल्या."

तेव्हा कुठं आईनं घडी सोडली, आणि ती एका स्टुलावर जाऊन बसली. समोरच्या स्टुलावर झाकणमावशी. दोघी अशा काही बोलायला लागल्या की आजूबाजूच्यांना वाटलं, यांना गप्प कोण करणार? केबिनकडं बोट करून काय हसत होत्या ते त्यांचं त्यांना माहीत.

आता शेवट गोड करून सांगायचा तर मला जमणार नाही, कारण तो तसा झाला नाही. एका मोठ्या दालनानं ठरलेलं काम काढून घेतलं, कारण न देता. "कान गेलेली" हे नावामागं लागलंच. शिट्टी थांबली नाही, थांबणारही नाही. कधीकधी रागाच्या भरात ती हातातली वस्तू भिंतीवर फेकते, आणि ती पडल्याचा आवाज आधीपेक्षा बोथट आला की जास्तच चिडते. पण काम चालू आहे. ती सांगते काय करायचं, साउंडवाला सांगतो किती, आणि भांडणं दिव्याखाली होतात. राहिलेत ते कान सांभाळायला तिनं आता कानात बोळे घालणं सुरू केलं आहे. ती रोज घरून निघताना आई विचारते, "घेतलेस?" बिनआवाजी.

तुमच्याही घरात असेल कुणीतरी. टीव्ही मोठा लावणारं. दोनदा सांगावं लागणारं. न कळताच हो हो म्हणून मान हलवणारं. त्या माणसावर दुसऱ्या खोलीतून ओरडू नका, आणि "जाऊ दे, काही नाही" म्हणून तर मुळीच सोडून देऊ नका. उठा. त्या खोलीत जा. दिवा लावा, समोर बसा, तोंडावर उजेड येऊ द्या, आणि जे म्हणायचं होतं ते पहिल्यापासून परत म्हणा.